दिया दे मुएर्तोसचे स्पॅनिश शब्द : अडतं ते आर्टिकलपाशी

मेक्सिकोतल्या दिया दे मुएर्तोसवर, म्हणजे मृतांच्या स्मरणाच्या सणावर, स्पॅनिशमध्ये बोलायचं म्हणून मी शब्द जमवले. जमवणं सोपं आहे. ओफ्रेंदा म्हणजे मृतांसाठी केलेली मांडणी, पापेल पिकादो म्हणजे नक्षी कातरलेले कागद, कोपाल म्हणजे धूप, सेंपासूचिल म्हणजे झेंडू (तो मूळचा तिथलाच). पान म्हणजे पाव. आपला ‘पाव’ पोर्तुगीजांकडून आला आणि हे दोन्ही शब्द एकाच लॅटिन मुळाचे, त्यामुळे तो पाठ करावाच लागत नाही.

माझा राग आहे तो आर्टिकल (नामाआधी लागणारं पुल्लिंगी ‘एल’ किंवा स्त्रीलिंगी ‘ला’) न देता छापलेल्या याद्यांवर. क्लासच्या यादीत नुसतंच ‘आग्वा, आल्मा, साल, फ्लोर’ होतं. अशी यादी पाठ करून एकही वाक्य धड होत नाही. साल म्हणजे मीठ, ते स्त्रीलिंगी: ला साल. फ्लोर म्हणजे फूल, तेही स्त्रीलिंगी: ला फ्लोर दे सेंपासूचिल. पण नुसतं सेंपासूचिल म्हटलं की पुल्लिंगी: एल सेंपासूचिल.

सगळ्यात जास्त छळतात आग्वा आणि आल्मा. पाणी आणि आत्मा, म्हणजे या सणात टाळताच न येणारे शब्द. दोन्ही स्त्रीलिंगी, तरी एकवचनात ‘एल आग्वा’, ‘एल आल्मा’. शब्दाची सुरुवात आघात असलेल्या ‘आ’ने झाली की ‘ला’ लागत नाही. हा ‘एल’ पुल्लिंगी नाही, जुन्या स्पॅनिशमधल्या ‘एला’चा तो उरलेला तुकडा आहे. म्हणून विशेषण स्त्रीलिंगीच राहतं: एल आग्वा बेंदिता (पवित्र पाणी). अनेकवचनात ‘लास आल्मास’. मध्ये दुसरा शब्द आला की ‘ला’ परत येतो: ला मिस्मा आग्वा (तेच पाणी). ‘हे पाणी’ म्हणताना ‘एस्ता आग्वा’. ‘एस्ते’ चूक, आणि ती स्पॅनिश भाषकांच्या तोंडीही ऐकू येते. आनिमा (हाही आत्माच) या शब्दालाही हाच नियम. ‘आल्तार’ (वेदी) मात्र खरोखरच पुल्लिंगी, त्याला यात ओढू नका.

या सणाच्या पावाचं, ‘पान दे मुएर्तो’चं, अनेकवचन करताना ‘लोस पानेस दे मुएर्तो’ म्हणा, मुएर्तो तसाच ठेवा.

उच्चार इंग्रजीतून शिकू नका. स्पॅनिशचे त आणि द आपल्यासारखेच दंत्य आहेत, ट-ड म्हटलं की बिघडतं. काचेतल्या मेणबत्तीचं स्पेलिंग व्हीने सुरू होतं, तरी बेलादोरा म्हणायचं, कारण व्ही आणि बी यांचा उच्चार एकच. वाहाका आणि मिस्किक या दोन्ही गावांच्या नावांत एक्स आहे, पण एकीकडे ‘ह’ आणि दुसरीकडे ‘स’.

क्रियापदं यादीत नसतातच, ती स्वतः लिहून घ्या. ओफ्रेंदा ‘पोनेर’ करतात, म्हणजे मांडतात. ‘मी मांडतो’ला ‘पोंगो’. कागद टांगायला ‘कोल्गार’, पण ‘मी टांगतो’ला ‘क्वेल्गो’. मेणबत्त्या पेटवायला मेक्सिकोत ‘प्रेंदेर’ सर्रास चालतं. १ नोव्हेंबरला लहान मुलांचे आत्मे येतात, त्यांना ‘आन्हेलितोस’ म्हणतात. मोठ्यांचा दिवस २ नोव्हेंबर. आणि दफनभूमीला तिथे ‘पांतेओन’ म्हणतात, हा शब्द सुरुवातीलाच पाठ करा.