विषय ठरला, पण प्रश्न कुठे आहे?

माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांना संशोधनाची कौशल्ये शिकवताना आपला बहुतेक वेळ माहिती कुठे आणि कशी शोधावी, हे सांगण्यात जातो. ग्रंथालयाची तालिका कशी पाहावी, शोधशब्द कसे निवडावेत, संदर्भ कसे नोंदवावेत हे शिकवायलाच हवे. परंतु माझ्या अनुभवात प्रकल्प फसतात ते त्याच्या आधीच, कारण विषयाचा प्रश्न होण्यापूर्वीच मुले मजकूर गोळा करू लागतात.

ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक कॅरल कुल्थाऊ यांनी १९८० च्या दशकात शालेय विद्यार्थ्यांच्या शोधप्रक्रियेचा अभ्यास केला. विषय निवडल्यावर विद्यार्थ्यांचा आत्मविश्वास वाढतो, पण प्रत्यक्ष वाचन सुरू होऊन परस्परांशी न जुळणारी माहिती समोर आली की तो खाली येतो आणि नेमका रोख सापडेपर्यंत शंका व गोंधळ वाढत जातो, असे त्यांना आढळले. हा गोंधळ म्हणजे आपली कुवत कमी असल्याचा पुरावा नव्हे, तो या कामाचाच भाग आहे, हे मुलांना आधीच सांगायला हवे असे मला मनापासून वाटते. ते कोणी सांगत नाही, म्हणून मुले या टप्प्यातून पळ काढतात आणि पहिल्या दोन-तीन संकेतस्थळांवरचा मजकूर जोडून मोकळी होतात.

एक उदाहरण घेऊ. ‘प्लास्टिक आणि पर्यावरण’ हा विषय झाला. ‘सुती पिशवी किती वेळा वापरली म्हणजे ती प्लास्टिकच्या पिशवीपेक्षा पर्यावरणाला कमी हानिकारक ठरते?’ हा प्रश्न झाला. त्याचे उत्तर शोधताना ब्रिटनमधील एन्व्हायर्न्मेंट एजन्सीच्या २०११ च्या अहवालात १३१ वेळा हा आकडा मिळतो, तर डेन्मार्कच्या पर्यावरण विभागाच्या २०१८ च्या अहवालात ७,१०० वेळा. दोन्ही स्रोत जबाबदार आहेत, तरी एवढी तफावत का? पहिला आकडा केवळ हवामानबदलापुरता आहे. दुसऱ्यात ओझोनच्या थराच्या हानीसह अनेक परिणाम मोजलेले आहेत आणि त्यांपैकी ज्या निकषावर सुती पिशवी सर्वांत मागे पडते, त्यावरून तो ठरला आहे. केवळ हवामानबदल पाहिला, तर त्याच डॅनिश अहवालात ५२ हा आकडा येतो. ‘कोणते खरे?’ इथून ‘कोणी काय मोजले?’ इथपर्यंत विद्यार्थी पोहोचला, की खरे संशोधन सुरू झाले असे मी मानते, आणि त्यासाठी तासिका खर्ची पडल्या तरी मला त्याचे वाईट वाटत नाही.

स्रोतांची पारख शिकवतानाही हीच घाई आड येते. लेखकाचे नाव, तारीख, नीटनेटकी मांडणी अशी यादी हातात देऊन आपण मुलांना त्याच पानावर खिळवून ठेवतो. फसवे संकेतस्थळ मात्र या सगळ्या खुणा सहज उभ्या करते. सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू या शिक्षण-संशोधकांनी इतिहासाचे अभ्यासक, विद्यापीठातील विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्य-पडताळणी करणारे यांची तुलना केली, तेव्हा अनेक विद्वानसुद्धा पानाच्या रूपाला भुलले. पडताळणी करणारे मात्र ते पान लगेच सोडून, नवे टॅब उघडून, त्या संस्थेविषयी इतर काय म्हणतात हे पाहत होते. ही सवय वर्गात करून दाखवता येते. विकिपीडियावर सरसकट बंदी घालणे मला म्हणूनच पटत नाही: अनोळखी संस्थेची पहिली ओळख करून घ्यायला आणि लेखाच्या तळाशी दिलेल्या संदर्भांपर्यंत पोहोचायला तो उपयोगी पडतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने अस्तित्वात नसलेले लेख आणि पुस्तकेही खात्रीशीर थाटात संदर्भ म्हणून देऊ शकतात. त्यासाठी एकच नियम पुरतो: जो स्रोत स्वतः उघडून वाचला नाही, तो संदर्भसूचीत लिहायचा नाही.

मात्र सर्व गुण अंतिम अहवालालाच मिळत असतील, तर या मधल्या कष्टांकडे विद्यार्थी वळणार नाहीत. म्हणून शोधाच्या नोंदवहीला अहवालाइतकेच गुण असावेत, असे माझे मत आहे. सुरुवातीचा प्रश्न कोणता होता, तो कधी व कशामुळे बदलला, कोणता स्रोत वाचून बाजूला ठेवला आणि का, एवढे तिच्यात असावे. आणि ती प्रकल्प संपल्यावर नव्हे, तर काम चालू असतानाच शिक्षकांनी वाचावी, म्हणजे अडलेल्या विद्यार्थ्याशी वेळेवर बोलता येते.