चौथऱ्यावरच्या वाफेच्या इंजिनाची देखभाल: आधी पाणी, मग रंग

खानदेशात वाफेच्या इंजिनांबद्दल जिव्हाळा असलेल्या माणसांची वानवा नाही. भुसावळच्या जुन्या रेल्वे घरांतून कुणी ना कुणी फायरमन, फिटर नाहीतर बॉयलरमेकर होऊन गेलेलं असतं. तरीही शोभेसाठी चौथऱ्यावर उभी केलेली इंजिनं वरून रंगवली जातात आणि आतून सडत राहतात. २६ जानेवारीच्या तोंडावर जुन्याच रंगावर ऑइल पेंटचा हात मारला की इंजिन चकचकीत दिसतं, पण पाणी झिरपून बाहेर पडायच्या फटी त्याच हाताने बुजतात. आम्ही हाती घेतलेल्या कामात निम्म्याहून जास्त मेहनत पाण्याला वाट करून देण्यात गेली.

इंजिन ब्रॉडगेजचं, डब्ल्यूजी वर्गातलं, २-८-२ चाकांचं, म्हणजे पुढे दोन, मध्ये ओढणारी आठ आणि मागे दोन. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पितळ चोरणाऱ्यांना पत्ता कशाला द्यायचा? चित्तरंजनच्या कारखान्यातून १९५० साली बाहेर पडलेलं पहिलं इंजिन याच वर्गातलं, आणि सगळे कारखाने मिळून या वर्गाची २४५० इंजिनं झाली. मालगाड्या ओढणारं घोडं म्हणून त्याला कुणी फारसं कौतुकाने जपलं नाही, म्हणून उरलेल्यांची काळजी घ्यायला हवी.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. आमचा पहिला अर्ज रेल्वेच्या एका कार्यालयात पडून राहिला, कारण जबाबदारी कुणाची हेच ठरेना. इंजिन मेकॅनिकलचं, चौथरा आणि खालचा रूळ इंजिनिअरिंगचा, दिवे इलेक्ट्रिकलचे. तेव्हा तिन्ही विभागांसाठी तीन वेगळ्या याद्या केल्या: काय करणार, काय करणार नाही, कोणतं सामान वापरणार. कापणं, वेल्डिंग करणं, भाग काढून नेणं यातलं काही होणार नाही असं स्पष्ट लिहिलं. मग गाडं हललं. चौथऱ्याजवळून २५,००० व्होल्टची तार जात असेल तर परांची बांधण्याआधी त्याची वेगळी परवानगी घ्या. तारेपासून २ मीटरच्या आत माणूस, शिडी, लोखंडी पाइप यातलं काहीही जाता कामा नये.

पाहणीला कॅमेरा, टॉर्च, अर्धा किलोची हातोडी आणि खडू पुरतो. हातोडी पत्र्यावर हलकेच मारत जायची. चांगला पत्रा ठणकन वाजतो, खाल्लेला बद्द आवाज देतो. बद्द वाजेल तिथे खडूने गोल करायचा. आमच्या इंजिनावर सगळ्यात जास्त गोल तीन जागी जमले: स्मोकबॉक्सचा (बॉयलरच्या पुढच्या, चिमणीखालच्या धुराच्या डब्याचा) तळ, टेंडरच्या (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्याच्या) कोळशाच्या खणाचे कोपरे आणि बॉयलरवरच्या पत्र्याची खालची कड. तिन्हीचं मूळ एकच. उरलेली राख आणि कोळशाची भुकटी काढलेलीच नसते. कोळशात गंधक असतं; त्यावर पाणी पडलं की सौम्य आम्ल तयार होतं आणि वर्षानुवर्षं पत्रा खात बसतं. त्यात आपल्याकडची काळ्या मातीची धूळ बसली की ती ओल धरून ठेवते, भर उन्हाळ्यातही खालचा थर दमट लागतो.

राख काढताना घाई नको. स्मोकबॉक्सचं दार उघडण्याआधी बिजागऱ्या आणि दार आवळून धरणारा मधला डार्ट तेलात भिजवून ठेवायचा. डिझेल आणि ऑटोमॅटिक ट्रान्समिशन ऑइल निम्मं-निम्मं, दोन-तीन दिवस, रोज थोडं. दार भलतंच जड असतं आणि बिजागरीची पिन झिजलेली असली तर एकदम खाली बसतं, म्हणून खाली लाकडी ठोकळा हवाच. आतली राख सुकी उडवायची नाही. पाण्याने हलकी ओली करून खोऱ्याने पोत्यात भरायची. पारवे असतातच, त्यांची विष्ठाही आम्लधर्मी. मास्क लावूनच आत जायचं.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट, ॲस्बेस्टॉस. त्या काळच्या इंजिनांमध्ये बॉयलर आणि वरचा पत्रा यांच्या मध्ये उष्णता धरून ठेवायला अस्तर असतं, आणि ते बऱ्याचदा ॲस्बेस्टॉसचं असतं. डोळ्यांनी पाहून काचलोकर आहे की ॲस्बेस्टॉस, हे कुणालाही सांगता येत नाही, मग तो कितीही जुना फिटर असो. पत्रा फाटून अस्तर बाहेर आलं असेल तर हात लावू नका, झाडू नका, हवेने फुंकू नका. नमुना प्रशिक्षित माणसानेच ओला करून घ्यावा आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासावा. ॲस्बेस्टॉस निघालं तर पत्रा उघडण्याचं काम तुमचं-आमचं नाही. आम्ही तो पत्रा जागच्या जागी ठेवला, वरच्या फटी सीलंटने बंद केल्या आणि फक्त सगळ्यात खालची फट उघडी सोडली, म्हणजे आत गेलेलं पाणी खाली उतरून बाहेर येईल. लोक उलट करतात: खालून गळतंय म्हणून खालची फट बुजवतात. मग भिजलेलं अस्तर बॉयलरला लगटून बसतं आणि बॉयलर बाहेरून, पत्रा आतून, दोन्ही एकदम गंजतात.

बॉयलरच्या आतल्या भागासाठी दोन पद्धती आहेत. पहिली जुनी: बॉयलर पूर्ण कोरडा करायचा, आत कळीच्या चुन्याचे ट्रे ठेवायचे आणि सगळी तोंडं हवाबंद करायची. शेडमध्ये ठेवलेल्या इंजिनाला ती छान. उघड्यावर मात्र हवाबंद राहतच नाही. चुना ओल पिऊन विरतो आणि बंद बॉयलरात दिवसाच्या तापमानाच्या चढ-उताराने घाम सुटतो. म्हणून आम्ही दुसरी घेतली, म्हणजे बॉयलरला श्वास घेऊ द्यायचा. फायरबॉक्सच्या, म्हणजे कोळसा जळतो त्या पेटीच्या, तळाचे वॉशआउट प्लग (बॉयलर धुवायच्या भोकांची बुचं) काढले आणि भोकांना बारीक जाळी लावली. हे प्लग गनमेटलचे असतात, पोलादात धरून बसतात. पान्याला पाइप लावून जोर केला तर प्लगचा चौकोनी माथा तुटतो. सिलिंडरचे ड्रेन कॉक (पाणी सोडायच्या तोट्या) आणि टेंडरच्या टाकीचा निचरा उघडा ठेवला. शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह काढून नेले असतील तर वरची उघडी तोंडं मात्र बंद करायलाच हवीत. चिमणीवर पत्र्याचं टोपण बसवलं, पण कडेने साधारण एक इंच मोकळं ठेवून, तिथेही जाळी. केबिनच्या छपरावरून फायरबॉक्सवर ओघळणारं पाणी वळवायला आम्ही ठिबकच्या दुकानातून ३२ मिमीची काळी नळी आणली. जळगाव जिल्ह्यात ती कुठेही मिळते आणि उन्हात तडकत नाही.

मग गंज. सॅण्डब्लास्टिंगचा मोह टाळा. वाळूच्या धुळीने फुप्फुसं जातात, अस्तर उघडं पडू शकतं आणि जुन्या रंगात शिशाचा लाल रंग असण्याची शक्यता मोठी. ग्राइंडरही त्याच कारणाने नको. पत्रा ओला करून खरवडणी, मग तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर. सुटा गंज आणि सुटा रंग जायला हवा. घट्ट चिकटलेला जुना रंग राहिला तरी चालतो. तेलकटपणा रॉकेलने पुसून थांबू नका, रॉकेलचा थर मागे राहतो; त्यानंतर साबणाच्या पाण्याने धुवायचं. फॉस्फरिक आम्लाचं गंजरोधक फक्त पोलादावर, पितळ आणि तांब्यापासून लांब.

रंग निवडताना आधी एक बाय एक फुटाचा तुकडा रंगवून एक दिवस थांबा. जुन्या सिंथेटिक इनॅमलवर इपॉक्सी मारलं तर त्यातला थिनर जुना थर फुगवतो आणि सुरकुत्या पडून सगळं उकलतं. तसं झालं तर तिथे झिंक फॉस्फेट प्रायमर आणि वर सिंथेटिक इनॅमल हाच मार्ग. नंग्या पोलादावर मात्र कमी साफसफाईतही धरणारं इपॉक्सी प्रायमर साधारण ७५ ते १०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि वर पॉलियुरेथेनचा थर ४० ते ५० मायक्रॉन. नुसतं इपॉक्सी उन्हात ठेवलं तर खडूसारखं भुरभुरतं. किती लागेल याचा हिशेब सोपा आहे: डब्यावर लिहिलेलं घन द्रव्याचं टक्क्यातलं प्रमाण गुणिले १०, भागिले मायक्रॉन. घन द्रव्य ८० टक्के आणि थर ७५ मायक्रॉन असेल तर एका लिटरला साडेदहा चौरस मीटर. ब्रशने मारताना, रिव्हेट आणि कोपऱ्यांमुळे, आठच धरा.

ऋतूचं गणित खानदेशात वेगळं. मे महिन्यात काळ्या बॉयलरला हात लावता येत नाही. अशा तापलेल्या पत्र्यावर रंग पसरायच्या आत सुकतो, टाचणीएवढी भोकं पडतात आणि दोन भागांचं इपॉक्सी डब्यातच घट्ट होतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच हंगाम, पण त्यातही पहाटेचं दव आणि रात्रीची थंडी आडवी येते. साधं इन्फ्रारेड थर्मामीटर आणि आर्द्रता मोजणारं यंत्र घ्या. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे दव धरायला लागतं त्या तापमानापेक्षा, किमान ३ अंश जास्त असेल तरच ब्रश लावायचा. डिसेंबर-जानेवारीत आम्ही सकाळी दहाच्या सुमारास सुरू करून दुपारी तीनला थांबायचो, कारण १० अंशांखाली साधं इपॉक्सी नीट धरत नाही. एका वेळी लिटरभरच कालवायचं.

कनेक्टिंग रॉड आणि साइड रॉडवर, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या आणि त्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या दांड्यांवर, रंग नको. ते उघडं पोलाद आहे, आणि त्यावर इंजिन नंबर ठोकलेले असतात. शेडमध्ये एका इंजिनाचे भाग दुसऱ्याला लागत, त्यामुळे रॉडवरचा नंबर आणि केबिनवरचा नंबर जुळत नाही असं सर्रास दिसतं. तो इतिहास ग्राइंडरखाली पुसला जातो. रंग उतरवायला पेंट रिमूव्हर आणि लाकडी पट्टी वापरा, मग लॅनोलिन किंवा मेणाचं संरक्षक हलक्या हाताने लावा. ग्रीस लावू नये, त्याला धूळ चिकटून काळा लगदा होतो. तेलकुप्यांची बुचं बहुतेक ठिकाणी हरवलेली असतात आणि तिथून पाणी थेट बेअरिंगमध्ये उतरतं. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात योग्य मापाची कॉर्कची बुचं मिळतात. सगळ्या कामातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी खरेदी तीच.

चौथऱ्याखालची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. डब्ल्यूजीच्या ओढणाऱ्या आसावर साडेअठरा टन भार. खालची जमीन एका बाजूने बसली की स्प्रिंगांवरचा भार बदलतो. गवंड्याची पाण्याची नळी घेऊन दोन्ही रुळांची पातळी पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर मोजून वहीत लिहायची. भोवती पाणी साचू देऊ नका. गवत मारायला मीठ टाकण्याचा सल्ला हमखास मिळतो. क्षार चाकांपर्यंत पोहोचतात, तेव्हा तो मुळीच ऐकू नका.

मदत करायची असेल तर पैशांपेक्षा इतर गोष्टी जास्त अडतात. देणगीदाराला नावाची पाटी हवी असते, आम्हाला मात्र अर्ध्या इंचाचे व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश मापाच्या) आट्याचे बोल्ट हवे असतात, कारण जुन्या भोकांत मेट्रिक बसत नाही. निवृत्त फिटर तासभर येऊन कोणता कॉक कशाचा ते दाखवून गेला तरी मोठं काम होतं. घरातल्या अल्बममध्ये शेडमधले जुने फोटो असतील तर मूळ फोटो देऊ नका, घरीच ६०० डीपीआयला स्कॅन करून द्या. अक्षरांची ठेवण आणि पट्ट्यांची जागा आम्हाला त्यावरूनच ठरवावी लागते. पितळेच्या मूळ वस्तू, म्हणजे प्रेशर गेज, शिट्टी, कारखान्याची पाटी, या नोंद करून रेल्वेच्या ताब्यात कुलपात असाव्यात आणि इंजिनावर फायबरच्या प्रतिकृती.

पहिला मोठा पाऊस पडल्यावर दुसऱ्या दिवशी टॉर्च घेऊन आत जायचं: स्मोकबॉक्सचा तळ, फायरबॉक्सचे चारही कोपरे, टेंडरची टाकी, केबिनच्या फळ्यांखाली. ओल दिसली तर वरून कुठून येते ते त्याच दिवशी कळतं, चार दिवसांनी नाही. आमच्या इंजिनात टेंडरच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात अजून ओल उतरते. तिथला पत्रा हातोडीखाली बद्द वाजतो, आणि वेल्डिंगची परवानगी नसल्याने पुढच्या हिवाळ्यात रिव्हेट सोडवून ठिगळ बोल्टने बसवायचं आहे. त्यासाठी वेगळा अर्ज दिला आहे.