तुम्ही विचारलंत म्हणून: आधी हात, मग 'आई गं'

मी इंदूरला अकरावी-बारावीच्या बायोलॉजीच्या ट्यूशन घेते आणि हा प्रश्न दरवर्षी येतोच. मुलं विचारतात, त्यांच्या आया विचारतात, परवा तर खालच्या काकूंनी मला जिन्यातच गाठलं, की अगं, तव्याला बोट लागलं की हात आधी मागे येतो आणि दुखतं मागाहून, हे उलटं नाही का, आधी दुखायला पाहिजे ना?

उलटं वाटतं कारण आपण धरून चालतो की हात मेंदूने मागे घेतला. घेतलेला नसतो. बोटाची खबर मानेजवळच्या मज्जारज्जूत पोचते आणि तिथूनच 'ओढ' असा निरोप दंडाच्या स्नायूला जातो, मेंदूला नंतर कळवलं जातं, आमच्याकडे लग्न ठरल्यावर मोठ्या काकांना कळवतात तसं.

आता इथे एक घोळ. आपण 'नस' म्हणतो ते रक्ताच्या शिरेलाही आणि मज्जातंतूलाही, त्यात इंदुरात तर 'नस पे नस चढ गई' हे घरोघरी ऐकू येतं (चढत काही नाही, तो स्नायूचा गोळा असतो). मज्जातंतू बनतो ज्या लांब शेपटीच्या पेशींचा, तिला शाळेत आमची मुलं तंत्रिका कोशिका म्हणतात, पुण्याची भाचरं चेतापेशी म्हणतात, मी सरळ न्यूरॉन म्हणते आणि शेपटीला तंतू, भांडणच नको.

आणि सगळ्यांच्या डोक्यात असतं की नस म्हणजे वायर, आत करंट वाहतो. मुळात वाहत नाही हो. दिवाळीतली लवंगीची माळ आठवा. एक फटाका उडतो, त्याने शेजारचा पेटतो, आणि शेवटचा पहिल्याइतकाच जोरात वाजतो. न्यूरॉनच्या तंतूच्या बाहेर सोडियम जास्त, आत पोटॅशियम जास्त, आणि आतली बाजू बाहेरच्या मानाने साधारण 70 मिलिव्होल्टने ऋण. चटका बसला की त्या जागची सोडियमची दारं उघडतात, सोडियम आत घुसतं, आतली बाजू क्षणभर धन होते, त्या धक्क्याने पुढची दारं उघडतात, मग त्यापुढची. मागची दारं तेवढ्यात बंद होऊन थोडा वेळ उघडतच नाहीत म्हणून खबर मागे फिरत नाही. पोटॅशियम बाहेर पडून आतली बाजू पुन्हा ऋण होते आणि माळ पुन्हा तयार, एका जागेचा हा खेळ एक-दोन मिलिसेकंदांत उरकतो. फटाका छोटा किंवा मोठा असा नसतोच, चटका जोरात असेल तर माळ जास्त वेळा उडते, एवढंच.

वेग मात्र बघण्यासारखा आहे. 1850 साली हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने बेडकाच्या नसेत तो मोजला तर सेकंदाला 27 मीटरच्या आसपास भरला, म्हणजे हायवेवरच्या गाडीइतका. आपल्यात सगळे तंतू एकाच चालीचे नाहीत. काहींवर मायलिनचं चरबीदार वेष्टण असतं, त्याला मध्ये मध्ये फटी असतात आणि खबर फटीतून फटीवर उडी मारत जाते. हात मागे घ्यायला लावणारी आणि 'चर्र' झाल्याचं सांगणारी खबर असल्या तंतूंतून जाते, सेकंदाला 5 ते 30 मीटरने. नंतरची ती भगभग येते बिनवेष्टणाच्या बारीक तंतूंतून, सेकंदाला जेमतेम 1 मीटर, सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री गर्दीतून आपण सरकतो तितपत. म्हणून तर पायाला ठेच लागली की आपण क्षणभर श्वास धरून उभे राहतो, 'आता कळ येणार' म्हणून, आणि ती येतेच. पाय लांब ना.

जाता जाता, लवंग सेव खाऊन जी आग होते ती नुसती म्हणायची आग नाही. 43 अंशांच्या वर तापलं की उघडणारं जे दार तंतूच्या टोकाशी असतं तेच मिरचीतल्या कॅप्सेसिनने उघडतं, आणि मेंदूला भाजल्याचीच खबर जाते. हे दार शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियसला 2021 चं नोबेल मिळालं. मुलांना हे सांगितलं की त्या दिवशी पुढचं काही शिकवणं होत नाही, सगळी सेवेवर घसरतात.

पण काकूंना जिन्यात मी एक गोष्ट सांगितली नाही. मागच्या मे महिन्यात बाबा दुपारी खजराण्याच्या गणपतीला गेले, अनवाणी, फरशी तापलेली. घरी येऊन जेवले, झोपले. संध्याकाळी चहा देताना तळपायावर हा एवढा फोड दिसला. मी ओरडलेच, बाबा, दुखलं नाही? तर म्हणे, कुठे काय. त्यांना वीस वर्षं शुगर आहे. शुगरने सगळ्यात लांब तंतूंची टोकं आधी जातात, आणि पायाच्या अंगठ्याचा न्यूरॉन म्हणजे पेशी कमरेजवळ आणि तंतू जवळजवळ मीटरभर, तेव्हा पहिला नंबर पायांचाच. मी इतकी वर्षं फळ्यावर दोन रस्ते काढत आले, एक मज्जारज्जूतून परतणारा, एक मेंदूकडे जाणारा, पण दोन्ही सुरू होतात कातडीतल्या त्याच टोकांपासून. तीच गप्प असली की दुखतही नाही आणि पायही मागे येत नाही. डॉक्टरांनी नंतर नायलॉनचा धागा टोचून तपासलं, दहापैकी चार ठिकाणी बाबांना धागा लागलेलाच कळला नाही, आणि तरी बाहेर येऊन मला म्हणतात, बघ, माझे पाय अजिबात दुखत नाहीत!

आता रोज रात्री ते कॉटवर पाय सोडून बसतात, मी टॉर्च धरते, खाली आईचा जुना आरसा.

'दिसलं काही?'

'नाही बाबा.'

'मग बंद कर ती, सेल संपतात.'