आमची वाटचाल : अण्णांची शनिवारची फाइल

कोल्हापूरच्या शाहूपुरीत एका रद्दीवाल्याच्या पोटमाळ्यावर २००६ साली आम्ही दोघांनी ऑफिसांतले कॉम्प्युटर केबलनं एकमेकांना जोडून द्यायचं दुकान थाटलं. दोघं म्हणजे मी आणि माझा भागीदार. त्याचं नाव इथं लिहीत नाही, लायकी नाही म्हणून नव्हे, बायकोनं तंबी दिलीय म्हणून. भांडवल म्हणजे त्याची बजाज एम-८० दुचाकी, आईनं दिलेले ४० हजार आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरनं आणलेलं एक क्रिंपिंग टूल, म्हणजे नेटवर्क केबलच्या टोकाला कनेक्टर दाबून बसवायची पक्कड.

ते टूल अजून आहे. मुठीचं रबर केव्हाच गेलं, तिथं सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलीय. केबलमधल्या आठ तारांचा क्रम : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. झोपेतनं उठवलं तरी चुकणार नाही. आताची पोरं आरपार जाणारे कनेक्टर मागतात, म्हणजे तार पुढनं बाहेर येते आणि मग कापायची. मागू देत. पण आठ तारा एका लांबीत कापायला ज्याला जमत नाही, त्याला मी फाउंड्रीत पाठवत नाही. तिथं काळ्या वाळूची धूळ नेटवर्क-स्विचच्या, म्हणजे सगळ्या केबली जिथं जोडतात त्या डब्याच्या, पंख्यात जाऊन बसते आणि ढिला जोड महिन्याभरात दगा देतो.

सुरुवातीला नुसतं वायरिंग करायचो. बॅकअपचं काम आपोआप अंगावर आलं. उद्यमनगरातल्या प्रत्येक ऑफिसात तेच चित्र : टॅली मुनीमकाकांच्या मशीनवर, ड्रॉइंग डिझाइनवाल्याच्या मशीनवर, मेल मालकाच्या मशीनवर, आणि बॅकअप मुनीमकाकांच्या शर्टाच्या खिशातल्या पेनड्राइव्हमध्ये. शर्ट धुवायला गेला की बॅकअपही धुवायला. आम्ही सर्व्हर म्हणून एक जुनं पेंटियम-४ मशीन घ्यायचो, त्यावर लिनक्स आणि सांबा (विंडोजच्या मशीनना लिनक्सवरचे फोल्डर उघडून देणारा प्रोग्रॅम) टाकायचो, अडीचशे जीबीच्या दोन डिस्क बसवायचो आणि सगळी मशीनं रोज त्यात कॉपी करून घ्यायचो. कॉपीला रोबोकॉपी, म्हणजे विंडोजची फाइली कॉपी करायची कमांड. विंडोज एक्सपीवर ती वेगळी टाकावी लागे, व्हिस्टापासून विंडोजमध्येच येऊ लागली.

जाता जाता सांगतो, रोबोकॉपीला हात बांधून द्या. काही सांगितलं नाही, तर अडलेल्या एका फाइलसाठी ती ३० सेकंद थांबून पुन्हा, असं १० लाख वेळा करते. आउटलुक उघडं ठेवून साहेब घरी गेले की मेलची फाइल अडलेलीच, आणि पुढच्या सगळ्या फाइली रांगेत. दुसरं, रात्रीचा बॅकअप लावण्याआधी संध्याकाळी मेन स्विच कोण पाडतं ते विचारा. आम्ही विचारलं नव्हतं. पहिला महिना वॉचमन रोज साडेसातला सगळं बंद करत होता. मग जेवणाच्या सुट्टीत लावलं, तर शंभर मेगाबिटच्या नेटवर्कवर सेकंदाला जेमतेम अकरा मेगाबाइट जातात, चाळीस जीबीलाच एक तास. म्हणून रोज फक्त बदललेलंच उचलायचं. टॅली आणि मेलच्या मशीनला मात्र यूपीएसवर स्वतंत्र लाइन दिली आणि त्यांचं काम रात्री साडेआठला ठेवलं.

भागीदार २०१२ ला बाहेर पडला. अकरा गिऱ्हाइकं घेऊन. एम-८० पण नेली, ती त्याचीच होती.

मग २०१४ चा ऑगस्ट. अण्णांची फाउंड्री आमचं पहिलं गिऱ्हाईक. तिथल्या मुनीमकाकांच्या मशीनची डी डिस्क दुपारी बसली. मी इचलकरंजीत एका सायझिंगमध्ये (सुताला खळ लावायच्या कारखान्यात) छतात शिरलेलो, फोन लागेना. काकांनी घाबरून जुना नंबर फिरवला, भागीदाराचा. त्याचा पोरगा आला, नवी डिस्क घातली, पूर्वीच्याच नावानं रिकामा फोल्डर केला आणि गेला. ‘सकाळी सर्व्हरवरनं ओढून घ्या,’ म्हणाला.

रात्री साडेआठला आमचं काम आपल्या वेळेला चालू झालं. मी त्याला मिरर लावलेला. मिरर म्हणजे इथं जे नाही ते तिथंही ठेवायचं नाही. इथं काहीच नव्हतं. अकरा सेकंदांत सर्व्हरवरची सगळी वर्षं पुसली. तो लॉग मी अजून जपून ठेवलाय. पुसलेलं परत काढायला दोन रात्री घालवल्या, पण ईएक्सटी-३ (लिनक्सची डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) फाइल पुसताना तिचे पत्तेच शून्य करते, हाताला काही लागलं नाही. सांबात पुसलेलं बाजूला ठेवायची सोय आहे, दोन ओळी लिहायच्या. मी त्या लिहिल्या नव्हत्या.

चूक कुणाची? मिरर माझा, कबूल. पण रिकामा फोल्डर करून फोन न करता निघून जाणं, ही कुठली रीत? भागीदारानं तर दुसऱ्या दिवशी उद्यमनगरभर चहाच्या गाड्यांवर सांगितलं, ‘ह्यांचा बॅकअप बॅकअपलाच खातो.’ बॅकअपखाऊ हे नाव तिथनं पडलं. एकतीस गिऱ्हाइकांपैकी एकोणीस दोन महिन्यांत गेली. दिवाळीला भाडं द्यायला बायकोच्या पाटल्या ठेवल्या.

अण्णांसमोर जायला पाय उचलत नव्हते. ते म्हणाले, “चूक कुणाची ते मागनं बघू. व्हाउचरं हायत न्हवं? बसा मग.” ऑडिटसाठी सीएंकडं दिलेली ३१ मार्चपर्यंतची प्रत तेवढी वाचली होती. पुढचे साडेचार महिने मी, बायको आणि चुलतभावानं सतरा रात्री बसून टाइप केले. रात्री झुणका-भाकरी अण्णांच्या घरनं यायची. मुनीमकाका शेजारी बसून प्रत्येक आकडा मोठ्यानं वाचायचे आणि मध्येच रडायचे, ते वेगळंच. बिल अण्णांनी पूर्ण दिलं. अट एकच घातली : महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी सांगीन ती फाइल, मी सांगीन त्या तारखेची, माझ्यासमोर उघडायची.

त्या अटीनं आमचा सगळा धंदा फिरवला. तारखेची फाइल द्यायची, तर जुन्या प्रती हव्यात. मग बॅकअप-पीसी नावाचा प्रोग्रॅम शिकलो. त्यात मशीन सर्व्हरवर लिहीत नाही, सर्व्हरच मशीनकडं जाऊन ओढून आणतो. तीच फाइल दहा मशीनवर असली तरी साठवतो एकदाच, त्यामुळं डिस्क पुरते. आणि मशीनला सर्व्हरवर हातच नाही म्हटल्यावर मशीनला लागलेली कीड तिथवर चढत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय आलं, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारी कीड, तेव्हा ज्यांचा बॅकअप मशीनलाच झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेला होता, त्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले. भागीदाराची दोन गिऱ्हाइकं त्यानंतर माझ्याकडं आली. मी त्याच्याबद्दल काही विचारलं नाही. म्हणजे, थोडंसं विचारलं.

लोक मला २०१९ च्या पुराबद्दल विचारतात. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फूट ७ इंच, व्यापारी पेठेत दुकानांत पाणी. त्यात आमचं कौतुक काही नाही. एक डिस्क मालकाच्या घरी ठेवायची, इतकंच ते काम. फक्त ते घर दोन गल्ल्या पलीकडचं नको, त्याच पाण्यात तेही जातं.

भागीदार परवा दसरा चौकात दिसला. त्यानं हात केला. सिग्नल हिरवा होता, मी निघालो.

अण्णा आता ऐंशीच्या पुढं आहेत, पण शनिवार चुकवत नाहीत. मागच्या वेळी २०१५ च्या एका पंप-बॉडीचं ड्रॉइंग मागितलं. चार मिनिटांत उघडलं. चष्मा वर करून त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “ह्यात फ्लँजची जाडी चुकलीया. तवाच सांगितलं हुतं त्याला.” मग चहा मागवला.