सात किलोज्यूल कुठे गेले?

अकरावीला रसायनशास्त्र शिकवणाऱ्या आमच्या सरांच्या लेखी, ज्या समीकरणापुढे उष्णतेचा आकडा नाही ते समीकरण अर्धवटच. 'उष्णता बाहेर पडते' एवढ्यावर वही तपासून मिळायची नाही. "किती?" हा प्रश्न ठरलेला.

चुनकळीवर पाणी ओतलं की ती फसफसून तापते, हे आम्हा गावच्या पोरांना शिकवावं लागत नव्हतं. दिवाळीआधी घराला चुना काढायचा तेव्हा पिंपापासून लांब राहा म्हणून ओरडा खाल्लेलाच होता. सरांनी त्याचा हिशेब मांडला: ५६ ग्रॅम चुनकळी विरली की सुमारे ६५ किलोज्यूल. म्हणजे किलोभर चुनकळीच्या उष्णतेत तीन लिटर गार पाण्याला उकळी फुटावी! कल्हईवाल्याचा नवसागर याच्या उलट. पाण्यात विरघळताना तो भांडंच गार करतो, उष्णता बाहेर पडली की आकड्याला चिन्ह उणे, आत ओढली की अधिक; म्हणून तिथे अधिक. चिन्ह चुकलं की सर आकडा बघतसुद्धा नसत.

प्रात्यक्षिकाला थर्माकोलचे चहाचे ग्लास एकात एक बसवून उष्मामापी केलेला. एक मोलरचं, म्हणजे लिटरमागे एक मोल (रसायनाचं ठरलेलं माप) असलेलं ५० मिलिलिटर आम्ल, तेवढाच अल्कली. थर्मामीटर साधारण सहा अंश चढला. १०० ग्रॅम गुणिले ४.१८ (ग्रॅमभर पाणी एक अंश तापवायला लागणारे ज्यूल) गुणिले ६, म्हणजे अडीच हजार ज्यूल; आम्ल मोलच्या विसाव्या भागाएवढं, म्हणून मोलमागे ५० किलोज्यूल. पुस्तकात ५७. असे प्रयोग उत्तर आधी बघून जुळवायची रीत सगळीकडेच आहे, पण सरांना ती खपत नसे. "सात किलोज्यूल कुठे गेले ते लिहा," म्हणाले. मग काचकांडी, थर्मामीटर, ग्लास, वरची हवा, असे एकेक देणेकरी सापडले. माझ्या मते अख्ख्या वर्षातला सगळ्यात चांगला तास तो.

अभिक्रिया एका टप्प्यात होवो की अनेक, एकूण उष्णता तेवढीच, हा हेस या रसायनशास्त्रज्ञाचा नियम त्यांनी कार्बन मोनॉक्साइडवरून शिकवला. कार्बन जाळून नुसता मोनॉक्साइड मिळवणं कठीण, थोडा डायऑक्साइड होतोच. मग त्याची उष्णता मोजायची कशी? कार्बनचा पुरता डायऑक्साइड होताना ३९३.५ किलोज्यूल मिळतात, मोनॉक्साइड जाळून २८३. वजा करा, ११०.५ उरले. गडावर कुठल्याही वाटेने चढा, उंची तेवढीच. सेंट पीटर्सबर्गला बसून हेसने हे १८४० साली मांडलं, ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम सर्वमान्य होण्याआधी, हे सर दरवेळी अभिमानाने सांगत. जणू हेस आमच्याच शाळेचा.

आज मी रासायनिक कारखान्यात आहे. रिअ‍ॅक्टरची लांबी-रुंदी-उंची दुप्पट केली की आतला माल आठपट होतो, पण गार करणारा पृष्ठभाग चौपटच. चंचुपात्रात गुमान वागणारी अभिक्रिया तिथे हाताबाहेर जाऊ शकते. म्हणून नव्या केमिस्टला मी आधी विचारतो, सगळा माल एकदम पडला आणि कूलिंग बंद असलं तर तापमान किती चढेल? उत्तर आल्याशिवाय व्हॉल्व्हला हात लावू देत नाही.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आमची तुकडी प्रयोगशाळेला दशांश अंश दाखवणारे थर्मामीटर देत आहे. थर्माकोलच्या ग्लासांवर राज्यात २०१८पासून बंदी असल्यामुळे सोबत रुंद तोंडाचे थर्मासही आहेत. थर्मास स्वतः किती उष्णता खातो, ते गरम आणि गार पाणी मिसळून आधी काढावं लागेल. त्यासाठी वेळापत्रकात एक जादा तास ठेवावा, ही मुख्याध्यापकांना विनंती.