निळी टपालपेटी

लाल टपालपेट्यांच्या या देशात, म्हणजे ब्रिटनमध्ये, २०२० साली एक पेटी निळी रंगवली गेली. मार्स्टन मोरेटेन हे बेडफर्डशायरमधलं छोटंसं गाव, आमच्या घरापासून गाडीनं वीसेक मिनिटं. निळा रंग इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, म्हणजे एनएचएसचा, आणि पेटीचा मान माजी सैनिक कॅप्टन टॉम मूर यांचा.

त्या एप्रिलात आम्ही घरात कोंडलेले. नगरहून बाबांचा रोज फोन यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला, ‘किराणा मिळतोय ना?’ एक दिवस मात्र किराणा राहिला बाजूला. ‘अगं, तो वॉकर घेऊन चालणारा म्हातारा तुमच्याच बाजूचा ना?’

हो, आमच्याच बाजूचा, तेच हे कॅप्टन टॉम. ३० एप्रिलला वयाची शंभरी पुरी होणार, त्याआधी घराच्या आवारात २५ मीटरच्या शंभर फेऱ्या मारायच्या आणि एनएचएससाठी हजार पौंड जमवायचे, एवढाच त्यांचा बेत. २०१८ मध्ये पडून खुब्याचं हाड मोडलं होतं, तेव्हा केलेल्या सेवेची ही परतफेड. जमले ३ कोटी २७ लाख पौंडांहून जास्त. पुढे त्यांच्या नावाने निघालेल्या संस्थेवरून वाद झाले, चौकशी झाली. पण बागेतल्या फेऱ्यांचे पैसे त्या संस्थेकडे गेलेच नव्हते, ते एनएचएसच्या धर्मादाय निधीला मिळाले.

माझ्या लेकीनं त्यांना वाढदिवसाचं कार्ड पाठवलं. वर मोटारसायकल काढली होती, चाकं अंड्यासारखी. अशी लाखावर कार्डं आली. ती इथल्या एका शाळेच्या सभागृहात जमिनीवर रांगांनी उभी करून ठेवली होती. फोटोत आम्ही आमचं कार्ड बराच वेळ शोधलं. अर्थातच सापडलं नाही.

मोटारसायकल कशाला, तर त्यांचं खरं वेड तेच. यॉर्कशायरमधल्या कीथलीचा हा मुलगा, जन्म १९२०चा, शिकाऊ इंजिनिअर. १९४० मध्ये सैन्यात भरती झाला आणि पुढच्याच वर्षी थेट मुंबईला येऊन पोचला. तिथून कलकत्त्याला रस्त्यानं जायला त्यांना तीन आठवडे लागले, कारण १९४२चा पावसाळा. बाबा एसटीत मेकॅनिक होते, त्यांना हे ऐकून भलताच आनंद झाला. ‘तीन आठवडे? चिखलात रुतले असणार. क्लच प्लेटांची वाट लागली असेल!’ याच माणसाकडे लष्करातल्या मोटारसायकलस्वारांना तयार करायचं काम दिलं गेलं, हे कळल्यावर तर बाबांनी त्यांना आपल्या खात्यातच जमा करून टाकलं. मग आराकान, ब्रह्मदेशची आघाडी, तिथे डेंग्यू. फेऱ्या मारताना कोटावर दिसायची ती पदकं त्या काळातली.

लढाई वयाच्या पंचविशीत संपली. त्यानंतरची पंच्याहत्तर वर्षं जगाला ठाऊक नव्हती, आणि मला तीच जास्त जवळची वाटतात. छपराचं सामान विकणं, मग काँक्रीटच्या कारखान्याचा कारभार, सुट्टीत स्कॉट मोटारसायकलवर शर्यती. पलटणीतल्या जुन्या सोबत्यांचा वार्षिक मेळावा त्यांनी साठाहून अधिक वर्षं स्वतः भरवला. पहिलं लग्न मोडलं. दुसऱ्या लग्नातून दोन मुली. त्या पत्नीला, पामेला यांना, उतारवयात स्मृतिभ्रंश झाला. त्या शुश्रूषागृहात असताना हे रोज भेटायला जायचे, आणि तिथे भेटायला कुणीच येत नाही अशी किती माणसं असतात, हे त्यांनी पाहिलं. २००६ मध्ये त्या गेल्या. मग हे धाकट्या मुलीकडे, मार्स्टन मोरेटेनला राहायला आले. मुलगी, जावई, नातवंडं, एकाच छपराखाली. इंग्रज म्हातारे एकटेच राहतात असं आपण किती ठामपणे सांगतो! मीही सांगायचे.

जुलैत विंडसरला राणीनं त्यांना सर केलं, तेही मोकळ्या हवेत, अंतर राखून. २ फेब्रुवारी २०२१ रोजी बेडफर्डच्या रुग्णालयात ते गेले. न्यूमोनिया होता, त्यात कोविड. न्यूमोनियाच्या उपचारांमुळे लस घ्यायची राहून गेली होती. अंत्यसंस्काराला नियमाप्रमाणे घरची आठच माणसं. वरून महायुद्धाच्या काळातलं डाकोटा विमान गेलं.

थडग्यावर काय लिहावं, तेही ते सांगून गेले होते: ‘मी म्हातारा झालोय, सांगितलं होतं ना!’ ही विनोदी नट स्पाइक मिलिगनच्या थडग्यावरच्या ओळीची नक्कल. ‘मी आजारी आहे, सांगितलं होतं ना,’ असं तिथे आयरिश भाषेत कोरलंय. आणि हा मिलिगन १९१८ मध्ये जन्मला कुठे, तर आपल्या अहमदनगरला.

हे फोनवर सांगितलं तेव्हा बाबा कितीतरी वेळ हसत होते. मग म्हणाले, ‘नगरचा ना? मग खवचट असणारच.’