रूटचं (सर्व्हरवर सगळे अधिकार असलेल्या खात्याचं) टर्मिनल बंद करू नकोस!

भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्याचा सर्व्हर आम्ही कर्वेनगरमधून सांभाळतो, सेंटओएस ७ (लिनक्सचा एक प्रकार) वाला. जेवायला बसणार तोच डिस्पॅचवाल्यांचा फोन, चलन प्रिंट होईना, गेटवर गाड्या खोळंबल्यात. बिलिंगची स्क्रीन मात्र चालू, डेटाबेस चालू. मी एसएसएच (दुरून सर्व्हरवर लॉगिन) केलं तर कनेक्शन लगेच तुटायचं, तेवढ्यात ज्युनिअर पोरगा धावत आला, "दादा, एलएस पण चालत नाहीये!" एलएस म्हणजे फायलींची यादी दाखवणारी साधी कमांड.

झालं असं की त्याला नोड १८ (जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर) टाकायचं होतं, नोडला जीलिबसी (लिनक्सच्या जवळपास सगळ्या प्रोग्रॅमना लागणारी मूळ लायब्ररी) २.२८ लागते आणि सेंटओएस ७ वर आहे २.१७. मग याने कुठंतरी वाचून २.२८ ची फाइल लिब६४ या लायब्ररींच्या फोल्डरमध्ये कॉपी केली, लिबसी.एसओ.६ ही जुन्या लायब्ररीकडे नेणारी लिंक उडवली आणि नवीन लिंक करायला गेला, पण लिंक बनवणाऱ्या एलएन कमांडलाच ती लिबसी लागते ना! सीपी, सुडो, सगळ्याच कमांडचं एकच रडगाणं, "कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल". आधीपासून चालू असलेल्या प्रोसेसच्या मेमरीत लायब्ररी असतेच म्हणून डेटाबेस जिवंत, पण प्रिंटला दर वेळी नवीन प्रोसेस लागते, ती उठणार कशी.

कारखान्याचे साहेब फोनवर, "रीस्टार्ट मारा ना". म्हटलं साहेब हात जोडतो, रीस्टार्ट केला तर सिस्टिमडीच (सर्व्हर सुरू होताना बाकी सगळं उठवणारा प्रोग्रॅम) उठणार नाही. पोराला आधी विचारलं, रूटचं टर्मिनल उघडं आहे ना? होतं. जीव भांड्यात पडला, नवीन लॉगिन तर होतच नव्हतं.

बॅशच्या (टर्मिनलमध्ये कमांड घेणाऱ्या प्रोग्रॅमच्या) स्वतःच्या कमांड अशा वेळीही चालतात, म्हणून एलएसऐवजी इको आणि पुढे स्टार टाकून बघितलं, २.१७ ची फाइल जागेवर होती. आता एसबिन फोल्डरमध्ये एसएलएन नावाची लिंक बनवणारी कमांड असते, ती स्टॅटिक, म्हणजे तिला कुठलीच लायब्ररी लागत नाही, फार कमी लोकांना माहीत असते आणि माहीत असायलाच हवी. लायब्ररींच्या लिंक आपोआप लावणारी एलडीकॉन्फिगही स्टॅटिकच, पण २.२८ तिथेच पडलेली, त्याने नवीन नंबरचीच पकडली असती, म्हणून ते टाळलं. पोराच्या शेजारी उभं राहून एकेक अक्षर सांगितलं, आधी खरी फाइल, मग लिंक, एंटर. एलएस मारलं आणि यादी आली!

त्याला ओरडलो नाही, घाबरून खिडकी बंद न करता तसाच धावत आला हे माझ्या लेखी फार मोठं आहे. २.२८ ची फाइल काढली, चलनं सुटली, नोड १८ कंटेनरमध्ये (बाकी सिस्टिमपासून वेगळ्या, स्वतःच्या लायब्ररी असलेल्या डब्यात) टाकायचं ठरलं, आणि साहेबांना त्याच संध्याकाळी मेल केला की सेंटओएस ७ चा सपोर्ट ३० जून २०२४ लाच संपलाय, नवीन सर्व्हरचं बजेट मंजूर करा.